ओळखीचा आनंद

मराठीत ‘ओळख’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एखाद्या माणसाशी परिचय असणे ही ओळख, आणि पूर्वी पाहिलेली वस्तू पुन्हा समोर आली असता ती तीच आहे असे कळणे हीही ओळखच. हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदवताना भाषेने आनंदाविषयीचे एक निरीक्षण नोंदवून ठेवले आहे. माणसाच्या आनंदाचा एक मोठा वाटा अपरिचिताच्या भेटीतून येत नाही, तो परिचिताच्या पुनर्भेटीतून येतो. नव्याच्या नवलाईला लोकोक्तीने नऊच दिवस दिले आहेत, कारण नवलाईचा आनंद पुनरावृत्तीने झिजतो. ओळखीचा आनंद मात्र पुनरावृत्तीनेच वाढतो. घराण्यात चालत आलेली कारागिरी, जुनी मैत्री आणि रोज नजरेस पडणारी दृश्ये या वरवर पाहता निराळ्या गोष्टी आहेत, पण त्यांतून मिळणारे सुख या दुसऱ्या जातीचे आहे. हात वस्तूला ओळखतो, माणूस माणसाला ओळखतो आणि डोळा जागेला ओळखतो.

हे सुख मनाच्या कलावर अवलंबून असते, वृत्ती समाधानी असली की ते कोठेही लाभते, असा समज रूढ आहे. तो अपुरा आहे. ओळख व्हायला वेळ लागतो, तो वेळ कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही हे समाज ठरवतो. ओळख टिकायला जागा टिकावी लागते, आणि जागांचे भवितव्य बाजार व नगरपालिका ठरवतात. शिवाय जी ओळख माणसावर लादली गेली आहे, तिचा आनंद होत नाही, जाच होतो. म्हणून साध्या सुखांचा विचार अध्यात्माच्या दालनात जेवढा करावा, तेवढाच तो नागरी जीवनाच्या दालनातही करावयास हवा. कोल्हापूर हे या विचारासाठी योग्य शहर आहे, कारण तेथे कारागिरी, दोस्ताना आणि रोजचे दृश्य या तिन्हींचा अभिमान उघडपणे मिरवला जातो, आणि त्या अभिमानाआडचे ताणही लपून राहत नाहीत.

कारागिरीपासून आरंभ करणे सोयीचे, कारण तेथे ओळखीची प्रक्रिया डोळ्यांना दिसते. कोल्हापुरी चप्पल जगाला ठाऊक आहे ती तिच्या आकारामुळे, पण तिचे मर्म आकाराच्या आधीच्या टप्प्यावर, चामडे कमावण्यात आहे. कमावणे म्हणजे कच्च्या कातड्याचा कुजण्याचा गुण घालवून ते टिकाऊ आणि लवचीक करणे. पारंपरिक पद्धतीत कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून त्यावरचे केस काढतात आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या तुरट पाण्यात ते मुरवतात. या मुरण्याला घाई चालत नाही. पुढे रापीने तळ कापणे, आरीने भोके पाडणे, खिळ्याचा आधार न घेता चामड्याच्याच वादीने शिवणे, कान, पट्टा आणि अंगठा बसवणे, आणि बारीक कापलेल्या चामड्याची वेणी विणणे अशी कामे घरातल्या माणसांत वाटली जातात. वेणीचे काम बहुधा स्त्रियांच्या हाती असते, आणि चपलेला जी नजाकत येते ती याच कामाने येते, हे दुकानात जोड पारखणाऱ्याच्या क्वचितच ध्यानात येते.

या साऱ्या कामाला लागणाऱ्या जाणतेपणासाठी मराठीत ‘हातवळण’ हा सुंदर शब्द आहे. हाताला दीर्घ सरावाने जे वळण पडते, जे विचार करण्याआधीच योग्य तेवढा दाब देते आणि योग्य तेथे थांबते, ते हातवळण. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर अशा ज्ञानाचे शास्त्रीय विवेचन केले. शब्दांत पूर्णपणे मांडता येत नाही, तरी कृतीत अचूक उतरते, असे हे ज्ञान, ज्याला मूक ज्ञान म्हणता येईल. कोल्हापूरच्या परिसरातील गुऱ्हाळावर ऊस गाळून झाला, की काहिलीत उकळणारा रस नेमका कोणत्या क्षणी उतरवायचा हे ठरवणारा गुळव्या पाकाचा रंग, फेसाची चाल आणि वास यांवरून निर्णय घेतो, आणि त्या निर्णयावर आख्ख्या आधणाचा गूळ अवलंबून असतो. त्याला कारण विचारले तर तो पाक दाखवील. सूत्र सांगू शकणार नाही. असे ज्ञान पुस्तकातून मिळत नसल्यामुळे ते जाणत्याच्या शेजारी बसून, त्याचे पाहत, चुकत शिकावे लागते. घराण्याची कारागिरी म्हणजे मुळात ही शेजारी बसण्याची सोय होय. रक्तातून काही उतरते, ही समजूत त्या सोयीला मागाहून चिकटलेली आहे.

यातला आनंद कोठून येतो? वस्तू पूर्ण झाल्याचे समाधान हा त्याचा लहान भाग. मोठा भाग असा, की कसबी माणसाशी द्रव्य बोलते. तुकडा कोठे ताठ आहे, कोठे सैल पडेल, ओलावा किती उरला आहे, हे त्याच्या बोटांना कळते, आणि जे इतरांना निव्वळ कातडे वाटते त्यात त्याला भेद, स्वभाव आणि शक्यता दिसतात. स्वतःची चूकही त्याला इतरांच्या आधी कळते. जगाचा एक लहानसा तुकडा पुरता ओळखीचा असणे, हे सुख थोडे नाही. ज्यांचे सारे काम पडद्यावरच्या अक्षरांतच संपते, अशा असंख्य सुशिक्षितांना ते जन्मभर मिळत नाही.

तरीही या सुखाची वाखाणणी येथेच थांबवली, तर ती खोटी ठरेल. कातडे कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या हातांना या समाजाने शतकानुशतके अस्पृश्य ठरवले. घराण्याची कारागिरी हा शब्दप्रयोग कानाला गोड लागतो, पण घराणे आणि धंदा यांची ती गाठ जातीने मारलेली होती, आणि ती सोडण्याची मुभा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या निबंधात दाखवून दिले, की जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, आणि तिच्यात व्यवसाय जन्माने ठरत असल्यामुळे माणसाच्या आवडीला स्थान उरत नाही. जेथे मन कामात नाही तेथे कामाचा तिटकारा आणि ते टाळण्याची इच्छा उपजते. कारागिरीच्या आनंदाविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाला या युक्तिवादाला सामोरे जावे लागते. रस्किन आणि मॉरिस या इंग्रज विचारवंतांनी यंत्रयुगापूर्वीच्या कारागिराच्या आनंदाचे जे चित्र रंगवले, ते भारतात जसेच्या तसे आणता येत नाही, त्याचे कारण हेच.

कोल्हापूरच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न झालेला आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये संस्थानातील बलुतेदारी आणि महार वतने यांवर कायद्याचा घाव घातला. बलुतेदारी म्हणजे गावाची ठरीव कामे वंशपरंपरेने करून त्याबदल्यात धान्याचा वाटा घेण्याची पद्धत. वरून ती हमी वाटे, आतून ती बेडी होती. ती सुटल्याखेरीज कोणाच्याही हाताला आपले काम आपण निवडले असे म्हणण्याचा अधिकार येणार नव्हता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना शाहूंनी चहाचे हॉटेल काढण्यास साहाय्य केले आणि तेथे स्वतः जाऊन चहा घेतला, हीही त्याच धोरणाची खूण होती. यावरून येथे एक कसोटी हाती लागते. चर्मकाराच्या मुलीला अभियंता होण्याची वाट जितकी मोकळी असेल, तितकाच तिने आरी हाती धरण्यातला आनंद खरा मानता येईल. सोडता येणारी परंपराच धरण्याजोगी असते. जी सोडता येत नाही तिला परंपरा न म्हणता सक्ती म्हणणे रास्त.

या आनंदाची दुसरी कसोटी दामाची. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभले. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथील फॅशन प्रदर्शनात कोल्हापुरीसारखीच पादत्राणे त्यांच्या मुळाचा उल्लेख न करता मांडली. त्यावर येथे संताप उसळला आणि कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. संताप योग्यच होता. परंतु मिलानमध्ये अपमान झाल्यावर जागा झालेला अभिमान चपलेच्या दुकानात घासाघीस करताना कोठे असतो, हा प्रश्न अधिक जवळचा आहे. कारागिराला कामात आनंद मिळतो म्हणून त्याने कमी मोबदल्यात राबावे, हा युक्तिवाद उघडपणे कोणी करत नाही, पण व्यवहार त्यावरच चालतो. आनंद ही मजुरीची भरपाई नव्हे.

निवड आणि कसब एकत्र आले, की काय घडते याचा सर्वांत लखलखीत दाखला कोल्हापूरच्या मेस्त्री घराण्याने दिला आहे. आनंदराव आणि बाबूराव हे नात्याने भाऊ लागणारे दोन तरुण सुतारकाम, लोहारकाम, कोरीवकाम यांत मुरलेल्या घरात वाढले, कलाशाळेत न जाता चित्रकला शिकले, नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नावारूपाला आले आणि ‘पेंटर’ हे त्यांचे आडनावच होऊन बसले. दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटाने भारावलेल्या या दोघांनी सिनेमाचा कॅमेरा घरीच बनवण्याचा उद्योग आरंभला. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले, आणि बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला. याच उद्योगातून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचे पाठबळ दिले, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. सुताराच्या हाताला लाकडाची आणि लोहाराच्या हाताला धातूची जी ओळख होती, तिने येथे भिंगाशी आणि दातेरी चक्राशी सोयरीक केली. परंपरा पुढे गेली ती अशी, घरातून बाहेर पडून. आजोबांचीच वस्तू पुन्हा पुन्हा घडवत राहणे हा परंपरा चालवण्याचा एक मार्ग आहे, पण एकमेव नाही.

याच कार्यशाळेत कारागिरीचे सुख मैत्रीच्या सुखात कसे मिसळते तेही दिसते. पेणहून आलेले दामले आणि कागलचे शेख फत्तेलाल हे दोघे पेंटर बंधूंच्या छत्राखाली तयार झाले. एक यंत्रात आणि ध्वनीत रमणारा, दुसरा रंगात, नेपथ्यात आणि छायाचित्रणात. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली, तेव्हा व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह हे दोघे भागीदार होते. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास गेली, आणि १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल या जोडनावाने दिग्दर्शित झालेला ‘संत तुकाराम’ पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. एका ब्राह्मणाने आणि एका मुसलमानाने मिळून वारकरी संताचे चित्र उभे केले, याचे आज कौतुक होते ते साहजिक आहे, पण त्या कौतुकात एक गोष्ट निसटते. दोघांनी आधी वर्षानुवर्षे एकाच छताखाली ब्रश धुतले होते, लाकूड तासले होते, यंत्र उघडून जोडले होते. ‘साहेबमामा’ म्हणून सहकाऱ्यांना आपलेसे वाटणारे फत्तेलाल आणि मितभाषी दामले यांची मैत्री त्या समान कामाच्या तालमीत मुरलेली होती. १९४५ मध्ये दामले वारले, तोवर ती टिकली.

ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत: उपयोगासाठी जडलेली, मौजेसाठी जडलेली आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी असलेली; आणि तिसऱ्या प्रकाराला काळाची व सहवासाची गरज असते, असे तो बजावतो. हे वर्गीकरण मोलाचे असले, तरी कोल्हापूरच्या अनुभवाने त्यात एक दुरुस्ती सुचवता येते. येथील मैत्री पुष्कळदा उपयोगापासून आणि मौजेपासूनच सुरू होते आणि जागेच्या आधाराने तिसऱ्या पायरीवर पोहोचते. ती जागा म्हणजे तालीम. तालीम हा मूळचा कुस्तीचा आखाडा, पण कोल्हापुरात तो पेठेचा सामाजिक खांबच आहे. तिचा गणपती असतो, अनेक तालमींत मोहरमला पंजेही बसतात, आणि पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या नावांनीच शाहू स्टेडियमवर फुटबॉलचे संघ उतरतात. खेळणारे बदलतात, कट्ट्यावर बसणारे पांढऱ्या केसांचे होतात, तरी ‘भावा’ ही हाक तीच राहते. जुन्या मित्राचे मोल यात आहे, की त्याच्यापुढे माणसाला स्वतःची प्रस्तावना करावी लागत नाही. जी वर्षे आता कोठेच उरलेली नाहीत त्यांचा एक साक्षीदार समोर बसलेला असतो.

मात्र हा कट्टा पुरुषांचा आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. लग्नानंतर गाव आणि आडनाव बदललेल्या बाईची बालमैत्रीण बहुधा दुसऱ्याच कोठल्या गावात असते, आणि दोघींच्या भेटीला माहेरपण, लग्नकार्य किंवा नवरात्र असे निमित्त लागते. निमित्ताविना भेटता येणे हा मैत्रीचा प्राण. तो अधिकार शहराने अर्ध्या लोकसंख्येला अजून पुरता दिलेला नाही. वेणी विणताना, पापड लाटताना होणाऱ्या बायकांच्या गप्पांचे कौतुक करणारे हे विसरतात, की त्या गप्पांना कामाचा परवाना काढावा लागतो.

रोजच्या दृश्यांविषयी बोलताना ‘दृश्य’ आणि ‘देखावा’ यांतला फरक ध्यानात ठेवणे उपयोगी आहे. देखावा पाहुण्यासाठी असतो, तो एकदा पाहिला की संपतो. दृश्य रहिवाशासाठी असते आणि ते त्याच्या वयाबरोबर अर्थ बदलते. गंगावेशीत दिवेलागणीनंतर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते, आणि उभ्या उभ्या धारोष्ण दुधाचा पेला रिता करणारी माणसे दिसतात. प्रवाशाला ती मौज वाटते, पण त्या पेठेतल्या माणसाला त्यात आपले कुस्तीचे वय, वडिलांचे बोट धरून आलेले बालपण आणि आजची गर्दी एकत्र दिसते. पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी पाहायला जाणे हाही असाच प्रकार. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका दर्शवते, हे आकडे येथे लहान मुलांनाही पाठ असतात, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर त्या पाहण्यात कौतुकाबरोबर भीतीही मिसळली आहे. ओळखीची नदीही रौद्र होऊ शकते, हे कळल्याने ओळख कमी होत नाही; ती प्रौढ होते.

पण रोजच्या दृश्याला संरक्षण कोण देते? वारसा म्हणून नोंदलेल्या वास्तूला कायदा असतो. संध्याकाळच्या उजेडाला नसतो. या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण अंबाबाईच्या मंदिरात आहे. देवी पश्चिमाभिमुख आहे, आणि दरवर्षी ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी आणि ९, १० व ११ नोव्हेंबर या दिवसांच्या आसपास मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुड मंडप ओलांडून थेट गाभाऱ्यात शिरतात आणि दिवसागणिक देवीच्या चरणांपासून वर चढत मुखापर्यंत जातात. सूर्य रोजच मावळतो. ज्या स्थपतींनी ही रचना केली, त्यांनी जगातील सर्वांत सामान्य घटना घेतली आणि ती पाहण्यासाठी एक चौकट उभारली. किरणोत्सव नावाचा हा सोहळा म्हणूनच रोजच्या दृश्याचाच उत्सव आहे. श्रद्धाळू त्यात कृपा पाहतो, अभ्यासक लक्समापकाने, म्हणजे उजेडाची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणाने, पायरीपायरीवर नोंदी घेतो, आणि दोघेही त्या काही मिनिटांत एकाच दिशेला तोंड करून श्वास रोखून उभे असतात. ढग, धूलिकण आणि हवेतील बाष्प यांमुळे कधी किरण वाटेतच मंदावतात. त्याला इलाज नाही. पण मार्गात वाढलेल्या बांधकामांमुळेही ते अडतात, आणि ते अडथळे हटवण्याची मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे.

जे किरणांचे तेच तालमीच्या अंगणाचे, रंकाळा तलावाच्या काठाचे आणि चर्मकारांच्या वस्तीतील त्या अरुंद पडव्यांचे, जेथे अजून एखादा मुलगा जाणत्याच्या शेजारी बसून वादी ओढायला शिकतो. यांतील काहीही मोठ्या खर्चाने उभारावे लागत नाही, ते आहेच. प्रश्न ते बुजू न देण्याचा आहे. नगररचनेचे आराखडे करणाऱ्यांनी, महाद्वाराच्या पश्चिमेला मालमत्ता असलेल्यांनी आणि घासाघीस करणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने हे आपले काम मानावे. किरणोत्सवाच्या दिवसांतील मावळतीची दिशा ठरलेली आहे आणि गाभारा हलवता येत नाही. हलवता येण्याजोगे आहेत ते मधले अडथळेच.